मांडवाचं भाडं कुठल्या रकान्यात?

बडोद्यातल्या आमच्या मराठी शाळेच्या महोत्सव समितीचं पत्र आलं आणि सगळ्यांत आधी बाई आठवल्या. कुठल्या बाई, हे आमच्या वेळच्या कुणाला सांगावं लागणार नाही. इतरही शिक्षकांचं ऋण आहे, पण आज लेखणी बाईंपाशीच थांबते आहे.

१९७७ च्या जूनमध्ये आम्ही नववीत आलो. त्याच वर्षी ३ जानेवारीला बेचाळिसावी घटनादुरुस्ती लागू होऊन उद्देशिकेत ‘सेक्युलर’ शब्द आला होता. आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मात्र जुनीच उद्देशिका. बाईंनी ती आमच्याकडून पेनानं दुरुस्त करून घेतली. पण मराठीत लिहायचं काय? मराठी पेपरात धर्मनिरपेक्ष, शेजारच्या गुजराती पेपरात बिनसांप्रदायिक, आणि कुणाचे वडील निधर्मी म्हणत. तिन्ही शब्द फळ्यावर लिहून बाई म्हणाल्या, “निधर्मी आधी पुसा. घटनेनं कुणालाही धर्म सोडायला सांगितलेलं नाही.” मग ‘धर्मनिरपेक्ष’ लिहून घेतला आणि म्हणाल्या, “हे झालं राज्याचं. साध्या व्यवहारालाही हाच इंग्रजी शब्द लागतो. ते गणपतीत बघू.”

शाळेच्या गणपतीचा हिशोब नववीकडे असायचा. बाईंनी वहीत दोन रकाने आखायला लावले : डावीकडे धार्मिक, उजवीकडे लौकिक. ‘लौकिक’ म्हटल्यावर वर्ग हसला, कारण ‘शाळेचा लौकिक’ आम्ही प्रत्येक प्रार्थनेनंतर ऐकत होतो. बाईंनी समजावलं की इथे लौकिक म्हणजे लोकव्यवहारातलं. ऐहिकही चाललं असतं, पण कीर्तनं ऐकून त्या शब्दाला आपण कमीपणा आणला आहे, असं त्यांचं म्हणणं.

दूर्वा, नैवेद्य, निरांजनातलं तूप, गुरुजींची दक्षिणा डावीकडे गेली. मांडवाचं भाडं, माइक, पावतीपुस्तकं, विसर्जनासाठी सुरसागर तलावापर्यंतची हातगाडी उजवीकडे. खरी वादावादी झाली ती आरतीच्या पुस्तिकांवर. अर्धा तास आम्ही भांडलो. शेवटी बाईंचा निकाल : “आरती म्हणणं डावीकडे, छापखान्याचं बिल उजवीकडे.” आणि लगेच इंग्रजी प्रतीतून त्यांनी पंचविसावं कलम वाचून दाखवलं. धर्माचरणाशी निगडित असलेल्या आर्थिक, वित्तीय, राजकीय किंवा अन्य ‘सेक्युलर’ व्यवहारांचं नियमन सरकारला करता येतं. उद्देशिकेत शब्द आता आला, पण या कलमात तो १९५० पासून आहे, आणि तिथे त्याचा अर्थ एवढाच, की जे उपासनेचा भाग नाही ते. पुढे घटनेच्या हिंदी प्रतीत त्याच कलमात ‘लौकिक’ शब्द पाहिला तेव्हा बाईंना तातडीनं पत्र लिहिलं. त्याच प्रतीत उद्देशिकेत ‘पंथनिरपेक्ष’ आहे. म्हणजे एका इंग्रजी शब्दाला दोन जागी दोन शब्द, जे बाईंनी नववीत केलं होतं!

शब्दाचं मूळही त्यांनीच सांगितलं. लॅटिन ‘सेक्युलम’ म्हणजे युग, पिढी, शतक. मठात न राहता लोकांत राहून काम करणाऱ्या ख्रिस्ती पाद्र्यांनाही सेक्युलर म्हणतात, म्हणजे तो शब्द धर्माच्या विरुद्ध नाही. म्हणूनच युनिव्हर्सिटीत कॉमर्सला ‘सेक्युलर ट्रेंड’ आला, तेव्हा दीर्घ मुदतीच्या कलाचा धर्माशी काय संबंध, हा प्रश्न मला पडला नाही.

सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारासाठी करवून घेतलेला ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ (१९३१) मी पहिल्यांदा पाहिला तो बाईंबरोबर, सेंट्रल लायब्ररीत. एका इंग्रजी शब्दासमोर ओळीनं इतक्या भाषांचे शब्द! आंबेडकरांना १९१३ साली अमेरिकेत शिकायला याच महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, हे सांगताना बाईंचा आवाज भरून येई.

आज मी सीए आहे, पुण्यात. अनेक देवस्थानांच्या ट्रस्टचे हिशोब तपासतो. विश्वस्त विचारतात, देवाच्या पैशाचा हिशोब तुम्ही कोण मागणार? मी त्यांना बाईंचे दोन रकाने काढून दाखवतो. बहुतेकांना पटतं.

बडोद्यात मराठी माध्यमाचे वर्ग कमी होत गेले, याचं फार वाईट वाटतं. घरात मराठी बोलणारी मुलं हे शब्द आता इंग्रजीतच शिकतात, आणि बाईंसारखं तीन शब्द फळ्यावर लिहून त्यातला एक पुसायला लावणारं त्यांना कोण भेटणार?

बाईंच्या नावानं नववीसाठी दरवर्षी नागरिकशास्त्राचं बक्षीस ठेवावं, रक्कम मी देतो, असं समितीला कळवलं आहे. मात्र पेपर मराठीत लिहिलेला हवा.