दोन कार्डांमधला जोड : आमची वाटचाल

२००९ साली कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गाळ्यात लग्नाचे शूटिंग आणि भाड्याने द्यायचा एक प्रोजेक्टर एवढ्या भांडवलावर आम्ही हा व्यवसाय सुरू केला. पुढची सात-आठ वर्षे काम चांगले चालले. त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे आहे ते २०१७ च्या दसऱ्याबद्दल, कारण त्या दिवसाविषयी बाजारात आजही अर्धवटच बोलले जाते आणि त्याचा सल आमच्या मनातून गेलेला नाही.

गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, एका जुन्या सराफी पेढीच्या नव्या दालनात ४६ इंची आठ स्क्रीन एका रांगेत बसवण्याचे काम आम्हाला मिळाले होते. पेढीच्या मालकांना सारी गुजरी आण्णा म्हणते. कोल्हापुरी साज आठही स्क्रीनवर पसरून खालून वर झपकन उठावा आणि त्यातला एकेक जवमणी, एकेक पानडी झळकावी, एवढी त्यांची एकच इच्छा होती. संगणकातून स्क्रीनला चित्र पुरवणाऱ्या एका ग्राफिक्स कार्डावर चार स्क्रीन चालतात, म्हणून आम्ही एकाच संगणकात गेमिंगची दोन जीटीएक्स ९६० कार्डे बसवली. आठ स्क्रीनची मिळून रुंदी होते १५,३६० पिक्सेल, आणि त्या कार्डांचा एच.२६४ डीकोडर, म्हणजे चित्रफीत उलगडणारा भाग, ४,०९६ पिक्सेलच्या पुढे जात नाही. म्हणून चित्रफितीचे ३,८४० रुंदीचे चार तुकडे करून ते एकाच क्षणी सुरू होतील अशी व्यवस्था प्लेअरमध्ये केली. चाचणीत सारे बिनचूक चालले. मात्र चाचण्या आम्ही पाच-पाच मिनिटांच्याच घेतल्या होत्या.

दसऱ्याला पाहुणे जमले, पूजा झाली आणि साज उठू लागला. काही वेळाने चौथ्या आणि पाचव्या स्क्रीनच्या मध्ये तो तुटला. डावा अर्धा भाग पुढे गेला, उजवा मागे राहिला, काही सेकंद अडखळला आणि पुन्हा जागेवर आला. साधारण पाव तासाने पुन्हा तेच घडले. स्क्रीनच्या तळापासून माथ्यापर्यंत १,०८० पिक्सेल तो साज एका सेकंदात चढत होता. म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाइतका उशीर झाला तरी १८ पिक्सेलची पायरी पडते, आणि ४६ इंची स्क्रीनवर ती जवळजवळ करंगळीच्या जाडीएवढी दिसते. समोर अर्धी गुजरी उभी होती.

पुण्याच्या एका मोठ्या कंपनीची माणसे त्या समारंभात हजर होती. कोल्हापूरच्या पोरांना हे काम जमणारे नाही, हे वाक्य दुसऱ्या दिवशी बाजारात फिरले आणि महिन्याभरात आमच्या हातातली तीन कामे त्यांच्याकडे गेली. त्यातल्या एका ठिकाणी आम्ही स्वतः जाऊन मागची बाजू पाहिली. तिथेही गेमिंगचीच दोन कार्डे होती. फरक एवढाच की त्यांनी प्रत्येक स्क्रीनला वेगळी चित्रफीत दिली होती, त्यामुळे जोडावरून काही सरकतच नव्हते आणि चूक दिसायला जागाच नव्हती. त्याला त्यांनी ‘सिंक्रोनाइझ्ड वॉल’ म्हणून आमच्यापेक्षा जास्त दर लावला. गाळ्याचे भाडे थकले, दोन मुलांना कामावरून कमी करावे लागले, आणि त्या दिवसांत दुकानाला कायमचे कुलूप लावण्याचा विचार आम्ही खरोखरच केला होता.

आम्ही केबल बदलल्या, रॅम बदलली, चित्रफीत नव्याने एन्कोड केली. दोष सापडला तो मामांना. मामा आमचे पहिले भागीदार; उद्यमनगरात टीव्हीदुरुस्तीत त्यांची हयात गेली होती. त्यांनी आपला दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे संकेत पडद्यावर दाखवणारे यंत्र, आणला, दोन्ही कार्डांच्या डीव्हीआय सॉकेटला व्हीजीएचे अडॅप्टर लावले आणि दोन्हींच्या १४ नंबरच्या पिनवर, म्हणजे प्रत्येक नव्या चित्राची सुरुवात सांगणाऱ्या व्हर्टिकल सिंकवर, प्रोब धरले. पडद्यावर दोन हिरव्या रेघा, प्रत्येकीवर बारीक ठोके. वरचे ठोके स्थिर होते आणि खालचे मुंगीच्या गतीने डावीकडे सरकत होते. खालचा ठोका वरच्याला गाठून पुढे गेला, पुन्हा गाठायला आला, तेव्हा मामांच्या घड्याळात १४ मिनिटे झाली होती. प्रत्येक कार्ड वेळ मोजणाऱ्या आपल्याच क्रिस्टलवर सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रे, मोजते, आणि दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखांत वीसचा फरक असला तरी १४ मिनिटांत एका फ्रेमची तफावत पडते. हा दोष कोणत्याही प्लेअरने जात नाही, कारण तो कार्डांच्या घड्याळात असतो.

त्यावर उपाय म्हणजे सगळ्या कार्डांना एकाच घड्याळावर बांधणारे सिंक कार्ड. क्वाड्रो पी४००० ची दोन व्यावसायिक ग्राफिक्स कार्डे आणि क्वाड्रो सिंक २ असा संच आम्ही मागवला. सिंक कार्ड रिबन केबलने दोन्ही कार्डांना जोडले जाते, एक कार्ड वेळ देते आणि दुसरे ती पाळते. एका संगणकातली चार कार्डे त्याच्यावर बांधता येतात. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो : सिंक कार्डावरची फ्रेमलॉकची, म्हणजे दुसऱ्या संगणकाशी वेळ जुळवण्याची, सॉकेटे नेटवर्कच्या सॉकेटांसारखीच दिसतात, पण त्यांतली केबल राउटरला किंवा स्विचला कधीही लावू नका. सगळे स्क्रीन एकाच रिफ्रेश रेटवर, म्हणजे सेकंदाला चित्र नव्याने रंगवण्याच्या एकाच वेगावर, ठेवा. एक ६० वर आणि दुसरा ५९.९४ वर असेल तर लॉक लागणार नाही. आपल्याकडचे शूटिंग बहुधा २५ फ्रेमचे असते. ते ६० वर चालवले की काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दिसतात आणि चाल अडखळते, म्हणून अशा कामाला स्क्रीन ५० वर लावावेत. आणि नवरात्राच्या तोंडावर कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, बदलू नये.

या संचाचे पैसे आमच्याकडे नव्हते. दसऱ्याच्या संध्याकाळीच आण्णांनी निम्मे बिल चुकते केले होते आणि राहिलेले पैसे जोड बसल्यावर देईन म्हणाले होते. आता ही हकीकत ऐकल्यावर त्यांनी संचाची रक्कम उचल म्हणून दिली. “जोड दिसला तर आम्ही दागिना पुन्हा आटवतो, कारागिराला नाही हाकलत,” एवढेच ते बोलले. २०१९ च्या ऑगस्टात शाहूपुरीत पुराचे पाणी शिरले, तेव्हाही आमच्या यंत्रांच्या पेट्या त्यांच्याच माडीवर होत्या.

संच बसवला त्या दिवशी साज लावला नाही. काळ्या पार्श्वभूमीवर आठही स्क्रीनभर पसरलेली एक पांढरी आडवी पट्टी सकाळी नऊपासून वरखाली फिरत ठेवली, कारण पायरी लपायला तिच्यात जागा नसते. मामा समोर स्टुलावर घड्याळ घेऊन बसले होते. चौदा मिनिटे गेली, अठ्ठावीस गेली, दुपार झाली. संध्याकाळी सहाला आण्णा आले, त्यांनी रोजचे भिंग डोळ्याला लावले आणि चौथ्या-पाचव्या स्क्रीनमधल्या फटीशी उभे राहून दहा-बारा फेऱ्या पाहिल्या. मग गल्ल्यावर जाऊन त्यांनी उचल वळती केली आणि राहिलेले पैसे मोजून दिले.