रविवारची बैठक: घडीचे 12 आकाशकंदील, आठवडा 1 ते 5

दर रविवारी दोन तास जमणाऱ्या बैठकीत कल्पनांचा तुटवडा कधीच नसतो. अडतं ते पुढे. म्हणून या वेळी नियम एकच ठेवला: बोलायला पहिली वीस मिनिटं, आणि सुचलेली प्रत्येक गोष्ट चिठ्ठीवर तीन ओळींत. काय बनणार, आज इथेच तासाभरात त्याचा कोणता तुकडा करून बघता येईल, आणि सामान कोण आणणार. तिसरी ओळ कोरी राहिली की चिठ्ठी डब्यात परत. या चाळणीतून पुढे आली ती पारंपरिक कामट्यांच्या कंदिलाची चिठ्ठी.

आठवडा 1. खराट्याचे हीर घेऊन 8 सेंटिमीटर बाजूचा छोटा नमुना. या कंदिलाचा सांगाडा सहा चौकोनांचा असतो. चार चौकोन टोकावर उभे, डावं-उजवं टोक शेजाऱ्याला बांधून त्यांचं कडं. वरची चार टोकं पाचव्या चौकोनाच्या कोपऱ्यांना, खालची सहाव्याच्या. सगळे मिळून 24 हीर आणि 12 सांधे. आठ त्रिकोण वेगळे करावेच लागत नाहीत, ते मधल्या जागेत आपोआप तयार होतात. हा नमुना हातात घेतल्याशिवाय कागदावरची आकृती कुणालाच नीट कळत नाही, त्यामुळे नव्यांनी इथून सुरुवात करावी.

आठवडा 2. माप कामटीवरून नाही, कागदावरून ठरवा. पतंगाच्या कागदाचा आमचा ताव 50 बाय 75 सेंटिमीटरचा. बाजू 25 धरली तर दुमडीसह चौकोन 27 चा होतो आणि तावातून दोनच निघतात. बाजू 22 केली की 24 चे सहा चौकोन निघतात. म्हणून बाजू 22. कंदिलाची उंची बाजूच्या 1.414 पट म्हणजे 31 सेंटिमीटर, आणि कडेच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत बरोबर दुप्पट, 44.

कामट्या 24 सेंटिमीटर कापायच्या आणि दोन्ही टोकांना 1 सेंटिमीटरवर खूण करायची; सांधा खुणेवर, टोक बाहेर. 12 कंदिलांना 288 कामट्या, म्हणजे साधारण 69 मीटर. शिवाय 30 जादा. रुंदी 6 ते 7 मिलिमीटर, जाडी 2 ते 3. बुरुडाकडून घेताना पेर नसलेला भाग मागा, कारण पेराशी कामटी एकसारखी वाकत नाही आणि तिथेच मोडते. ओल्या बांबूच्या कामट्या वाळताना आकसतात आणि घट्ट बांधलेले सांधे आठवड्यात ढिले पडतात. पाठीकडची चकचकीत साल खळ धरत नाही, ती ब्लेडने खरवडून घ्या.

आठवडा 3. चौकोन बांधणी. दोरा गोधडीचा, सुतळी जाड पडते. कोपऱ्याला 40 सेंटिमीटर: आठच्या आकड्यासारखे चार वेढे, मग दोन कामट्यांच्या मधून आडवे दोन वेढे ओढून गाठ, वर फेविकॉलचा थेंब. आडवे वेढे टाळले तर सांधा सरकतोच. 288 कोपऱ्यांना 115 मीटर दोरा लागला. चौकोन काटकोनात आहे का हे गुण्याने बघत बसू नका. 31.1 सेंटिमीटरची एक काडी कापा, दोन्ही कर्णांवर ठेवा.

पहिला पूर्ण सांगाडा जोडला आणि वरून दाबताच तो पिळत खाली बसला. चूक बांधणीची नव्हती. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन सोडतो. सहाही चौकोन मोकळे असले की सगळा सांगाडा वळत मिटतो. अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी याच हालचालीला ‘जिटरबग’ म्हटलं होतं. उपाय सोपा: बाजूच्या चार चौकोनांना कागद पुरतो, वरच्या चौकोनात कर्णावर एक कामटी (तीच दिव्याला आधार), खालच्यात दोन्ही कर्णांवर ताणलेला दोरा. पण याच बिघाडातून नवी चिठ्ठी आली: कंदील मिटवूनच ठेवता आला तर? माळ्यावर चुरगळणारे कंदील सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे ही कल्पना तिथल्या तिथे कामाला लागली.

आठवडा 4. घडीसाठी 12 सांधे सुटे हवेत. साधे रबरबँड उन्हात तडकतात, सुरगाठ वाऱ्याने ढिली होते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे 5 मिलिमीटर रुंद काप मात्र दोन चौकोनांच्या बाहेर आलेल्या टोकांवर पक्के बसतात. 144 काप म्हणजे जेमतेम 72 सेंटिमीटर ट्यूब.

त्रिकोणांना कागद लावायचा आणि घडीही राखायची, हा प्रश्न अधिक छान सुटला. बाजूच्या प्रत्येक चौकोनाने आपल्या उजव्या वरच्या आणि उजव्या खालच्या कडेचा त्रिकोण सांभाळायचा. चार दुणे आठ, एकही उरत नाही. एक कड चिकटवलेली, उरलेल्या दोन कडांची दुमड यू-पिनांनी अडकवायची. पतंगाचा कागद इथे फडफडतो, म्हणून 90 जीएसएमचा ट्रेसिंग पेपर. दुमडीसह त्रिकोणाची बाजू 25.5, उलटसुलट मांडले तर ए1 तावातून 10 निघतात, 96 साठी 10 ताव. ट्रेसिंगला खळ लावू नका, ओलीने तो सुरकुततो. कडेला फेविकॉलचा पातळ हात पुरे.

आठवडा 5. चौकोन चिकटवणे. खळ: 100 ग्रॅम मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून, एकूण पाणी 650 मिलिलिटर, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत. दोन दिवसांत आंबते. चिमूटभर मोरचूद घातलं तर कीड आणि बुरशी लागत नाही, पण ते विष आहे: भांडं वेगळं, आणि मुलं हात घालणार असतील तर नकोच. कागद ताणून लावलेले चौकोन वाळताना पिळले. ओढू नका, नुसता बसवा. वाळताना तो स्वतःच ताणला जातो. सपाट फळीवर, कडांवर पुस्तकांचं वजन ठेवून वाळवा.

रंगाबाबत: दिवा मधोमध टांगला की चौकोनाचा मध्य त्यापासून 15.5 सेंटिमीटरवर येतो, त्रिकोणाचा 18 वर. चौकोन अधिक उजळतात, म्हणून गडद रंग चौकोनाला. दिवा 3 वॅटचा एलईडी, वरचा आणि खालचा चौकोन उघडा.

आजची स्थिती: 48 पैकी 31 चौकोन कागदासह तयार, त्रिकोण सगळे कापलेले, मिटवलेल्या एका कंदिलाची जाडी 4 सेंटिमीटर. पुढच्या रविवारी शेपट्या: 4.5 सेंटिमीटर रुंद, 50 लांब, एका तावातून 16, खालच्या चौकोनाच्या बाजूला चार-चार. त्या चिकटवल्या तर घडीत चुरगळतील, म्हणून चारांचा जुडगा सुट्या कामटीवर लावून ती कामटी यू-पिनांनी अडकवून बघायची आहे. 48 कामट्या जास्तीच्या लागतील. येताना ब्लेड आणि पट्टी आणा.