न वापरलेले बूट

खास प्रसंगासाठी जपून ठेवलेले बूट कपाटातून काढावेत, नाड्या बांधाव्यात आणि पन्नास पावलांत सोल गळून पडावा. वरचं चामडं नवंकोरं, शिलाई शाबूत, मधला फोम मात्र बोटांत चुरगळतो. वापरलेच नाहीत तर झिजतील कसे, असं वाटतं. झिजले नाहीतच. ते विघटले, आणि त्यासाठी चालावं लागत नाही.

हा फोम बहुधा पॉलियुरेथेनचा. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेलं हे रसायन आयसोसायनेट आणि पॉलिऑल या दोन रसायनांच्या जोडीतून बनतं. पॉलिऑल पॉलिएस्टर जातीचं असेल तर रेणूच्या लांबलचक साखळीत जागोजाग एस्टरचे बंध येतात. आम्ल आणि अल्कोहोल जोडले जाऊन एस्टर बनतं, तेव्हा पाणी बाहेर पडतं. हवेतला दमटपणा फोमच्या बारीक छिद्रांत शिरला की तोच व्यवहार उलटा फिरतो: पाणी आत, बंध खलास. तुटल्या टोकाशी आम्ल उरतं आणि ते शेजारचे बंध आणखी लवकर तोडायला लागतं. म्हणून काही वर्षं वरून सगळं ठीक दिसतं आणि मग एकदम घसरगुंडी. फोमची ताकद लांब साखळ्यांच्या गुंत्यात असते. साखळी मधोमध एकदाच तुटली तरी लांबी निम्मी होते, त्यामुळे थोडक्या तुटण्यानेही गुंता सुटतो.

पॉलिइथर या दुसऱ्या जातीच्या पॉलिऑलपासून बनलेल्या फोमला पाण्याचं फारसं भय नाही, पण ऑक्सिजन आणि उजेड त्याला खातात. कपडे वाळत घालायच्या प्लास्टिकच्या चिमट्याचं दुखणं याच्याच जवळचं. त्यातल्या पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीवर दर दुसऱ्या कार्बनपाशी एक हायड्रोजन सैल बसलेला असतो. उन्हातले अतिनील किरण आणि ऑक्सिजन मिळून तिथेच हात घालतात. आधी पृष्ठभाग पांढुरका होतो, त्यावर बारीक भेगा पडतात, आणि दाबला की चिमटा कटकन मोडतो. काळ्या प्लास्टिकच्या टाक्या उन्हात टिकतात त्या त्यांतल्या काजळीमुळे. ती किरण शोषून घेते.

पुन्हा बुटांकडे. घालण्याआधी सोलच्या कडेला अंगठ्याचं नख दाबून बघावं. खळगा भरून आला तर ठीक. तसाच राहिला, कण सुटले किंवा चिकट लागलं तर त्या बुटांनी घराबाहेर पडू नये. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणं ही नेहमीची चूक. आधीचीच ओल आत कोंडते. बूट पूर्ण सुकवून, कापडी पिशवीत किंवा उघड्या फळीवर, उष्णतेपासून लांब ठेवावेत. सिलिका जेलच्या पुड्यांचा उपयोग होतो, पण बंद डब्यातच आणि वेळोवेळी बदलल्या तर.

सुटलेला सोल डिंकाने चिकटवण्यात अर्थ नाही. डिंक धरतो, पण तो ज्याला धरतो तो फोमच भुगा झालेला. जुना फोम मुळापासून खरवडून काढून नवा तळ बसवला तरच चामड्याचं चीज होतं. आणि एकाच पायाचा सोल गेला असेल तरी दोन्ही बदलून घ्यावेत. दोघांचा फोम बहुधा एकाच वेळचा, आणि दमट हवाही दोघांनी सारखीच खाल्लेली.