तुम्ही विचारलंत म्हणून: कागदावर भागाकार कशाला?

'फोनवर क्षणात उत्तर येतं, मग ४२९४९६७२९७ला कागदावर भागत काय बसता?' असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकतो.

संख्या तुमच्या ओळखीची आहे: २चा ३२वा घात अधिक १. फ्रेंच गणितज्ञ फर्मा याला ती मूळ संख्या वाटली होती, स्विस गणितज्ञ ऑयलरने १७३२ साली तिचा ६४१ हा विभाजक काढून दाखवला. कागदावर का भागतो, यावर पूर्वी मी ठोकून द्यायचो की बँकांची गुपितं मोठ्या संख्यांचे अवयव सापडत नाहीत म्हणून सुरक्षित राहतात. ते खरंच आहे, पण या संख्येचे अवयव कधीचे जगजाहीर आहेत. तिच्या जिवावर कुणाचं खातं सुरक्षित नाही. म्हणजे ती माझी पळवाट होती.

एकदा एका मित्राला भागाकार करून दाखवत होतो. ४२९४त ६४१ सहा वेळा, बाकी ४४८. ९ खाली घेतला, ४४८९. सात वेळा ४४८७, बाकी फक्त २. मग ६ आणि ७ घेऊनही भाग जाईना, दोन शून्यं. २ घेतल्यावर २६७२, चारचा भाग, बाकी १०८. पुन्हा ९ घेतला, १०८९, एकचा भाग आणि बाकी ४४८! मघाचीच बाकी. मघाशी तिच्यापुढे ९ आला होता आणि २ उरले होते. आता शेवटचा अंक आहे ७. बरोबर दोनने कमी. हे मी बोलणार, तेवढ्यात त्याने फोन पुढे केला: '६७००४१७. झालं?' उत्तर बरोबर होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं. तरी मला जो संताप आला, तो अजून गेलेला नाही.

तुम्ही म्हणाल, ४४८ परत आली हा योगायोग. असेलही. खरं कारण भागाकारात दिसतच नाही. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८, अधिक १. आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. म्हणून ६४१ने भागून उरणाऱ्या बाकीच्या हिशेबात ५ × २^७ (६४०, म्हणजे ६४१ला एक कमी) म्हणजे उणे १. चौथा घात केला की ५^४ × २^२८ म्हणजे १. त्यातल्या ५^४च्या, म्हणजे ६२५च्या जागी उणे १६ ठेवा: उणे २^३२ म्हणजे १. म्हणजेच २^३२ + १ला ६४१ने पूर्ण भाग जातो. दोन ओळी, एकही भागाकार नाही.

आणि ६४१ शोधायलाही फार खटपट नाही. विभाजक शोधायचा तो संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे साधारण ६५,५३६पर्यंत; त्याच्या आत ६,५४२ मूळ संख्या आहेत, पण ऑयलरच्याच नियमाने हिच्या मूळ विभाजकाला ६४ने भागलं की बाकी १ उरायलाच हवी. मग रांगेत येतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१.

आता तुम्ही पकडणार: सिद्धतेलाच भागाकार लागत नसेल, तर कागद कशाला? मीही स्वतःला हेच विचारतो. सिद्धता कळल्यापासून भागाकार सोडून द्यायला हवा होता. सोडलेला नाही. त्या दुसऱ्या ४४८पाशी पोचलो की अजूनही ७ खाली घ्यायची घाई होते. फोनवर ती घाई होत नाही, एवढंच मला सांगता येतं. हे कारण म्हणून पुरतं का, ते तुम्ही ठरवा. मित्राला पुरलेलं नाही.