मिडवाइफमधला ‘मिड’

इंग्लंडमध्ये मिडवाइफचं, म्हणजे सुइणीचं, काम करणाऱ्यांत पुरुष शंभरात एकही सापडत नाही. त्यामुळे त्या दिवशी माझ्या हाताखाली शिकणारा मुलगा प्रसूतीच्या खोलीत आला, तेव्हा पहिलटकरणीच्या नवऱ्याने विचारलंच, ‘‘मग तुला काय म्हणायचं? मिड-हजबंड?’’ मुलगा कानापर्यंत लाल झाला. तिची स्वतःची काही हरकत नव्हती, तसं मी आधीच विचारून घेतलं होतं.

उत्तर दिलं ते तिच्या आईने. बाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, ‘‘त्यालाही मिडवाइफच म्हणायचं. यातली ‘वाइफ’ तो नाही, माझी मुलगी आहे.’’

मग कळांच्या मधल्या वेळात त्यांनी शब्द उलगडला. जुन्या इंग्रजीत ‘विफ’ म्हणजे बायकोच असं नव्हे, कुठलीही बाई. मासे विकणारीला ‘फिशवाइफ’ म्हणत, त्यात तोच अर्थ राहिलाय. आणि ‘मिड’ म्हणजे सोबत. जर्मन ‘मिट’, डच ‘मेट’ ही त्याचीच भावंडं. मिडनाइटमधला ‘मिड’ वेगळा, तो मध्य दाखवणारा. बऱ्याच जणांना वाटतं की आई आणि बाळ यांच्या मधली ती मिडवाइफ. तसं नाही. बाईच्या सोबत असणारी व्यक्ती, एवढाच तो शब्द. ती व्यक्ती स्त्री की पुरुष, याबद्दल तो काहीच सांगत नाही. आपल्या ‘सुईण’ला पुल्लिंगी रूपच नाही, म्हणून मला हे फार मोलाचं वाटलं. 18व्या शतकात या कामात पुरुष डॉक्टर शिरले, तेव्हा त्यांच्यासाठी ‘मॅन-मिडवाइफ’ असा शब्द वापरला गेला. पुढे इथल्या कायद्याने पुरुषांना या पेशापासून लांबच ठेवलं आणि ती आडकाठी 1983मध्ये निघाली. शब्दाची मात्र कधीच आडकाठी नव्हती.

मी विचारलं, सोबत म्हणायला ‘विथ’ होतं की! बाईंचे डोळे चमकले. त्या काळी ‘विथ’चा मुख्य अर्थ होता विरुद्ध. ‘विथस्टँड’ म्हणजे विरोधात उभं राहणं, ‘विथड्रॉ’ म्हणजे मागे ओढून घेणं. आजही ‘फाइट विथ’ म्हटलं की कुणाशी लढला की कुणाच्या बाजूने, हे संदर्भावरूनच ठरतं. आपल्या वियोगातला, विलग होण्यातला ‘वि’ या ‘विथ’चा दूरचा नातेवाईक. पुढे 14व्या शतकापर्यंत ‘विथ’नेच ‘सोबत’चा अर्थ बळकावला आणि ‘मिड’ बोलण्यातून गेला. सुइणीच्या या एका शब्दात तेवढा तो तगला, आणि तगला हे योग्यच झालं.

कारण हे काम सोबतीचंच आहे. कळा नीट सुरू झाल्या की बाईला, तिनेच सांगितल्याशिवाय, फार वेळ एकटं सोडायचं नाही, असा इथला दंडक आहे. तो मायेपोटी केलेला नाही. प्रसूतीत कुणीतरी सतत जवळ असेल तर सिझेरियनची वेळ कमी येते, हे 17 देशांतल्या 26 अभ्यासांच्या आढाव्यात दिसलंय. तरी कामाच्या धबडग्यात आम्ही बाळाच्या ठोक्यांच्या आलेखाकडे जास्त बघतो आणि बाईच्या चेहऱ्याकडे कमी. मला हे खटकतं.

तो मुलगा मात्र तिथून हलला नाही. संध्याकाळी मला शेजारच्या खोलीतून हाक आली. आमच्यातली दुसरी मिडवाइफ येऊन उभी राहिली, पण मी परतले तेव्हाही पहिलटकरीण धरून होती ती त्याचंच मनगट. प्रत्येक कळेला तो तिच्या लयीत श्वास घेत होता, कंबर दाबून देत होता, आणि कळ ओसरली की पाण्याचा पेला पुढे करत होता. बोलत जवळजवळ नव्हताच. बाईंनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

रात्री मुलगी झाली, झाल्या झाल्या जोरात रडली. नाळ कापायला नवऱ्याने कात्री घेतली आणि नेमकं कुठे कापायचं, ते त्या मुलालाच विचारलं. त्याने बोट ठेवून जागा दाखवली. मग वार पडली, ती पूर्ण आहे ना हे त्याने तपासून मला दाखवलं, कागदावर नोंद केली आणि खाली मी सही केली.