तिथं असं काय मिळतं?

"तिथं असं काय मिळतं, की माणूस घरदार विसरतो?" हा प्रश्न मला बहुतेक वेळा आईवडीलच विचारतात. पोरगी आठ दिवसांच्या ध्यान शिबिराला म्हणून जाते आणि तिथलीच होऊन बसते. अशाच एका केंद्रात मी माझ्या तिशीतली वर्षं काढली. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तिथं शांतता मिळते. ती खरी असते, म्हणून तर पुढचं सगळं निभावतं.

पहिल्याच शिबिरात आम्हाला डोळे मिटून भराभर श्वास घ्यायला लावलं. थोड्या वेळात ओठ बधिर झाले, हातांना मुंग्या आल्या, बोटं आपोआप वळली. मग अंग सैल सोडून आडवं व्हायला सांगितलं, तेव्हा डोकं असं रिकामं झालं की मला रडू फुटलं. शिबिर घेणाऱ्या ताई कानाशी येऊन म्हणाल्या, "गुरुजींची कृपा उतरतेय. अडवू नकोस."

भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, मुंग्या येतात, बोटं वळतात. घरी पलंगावर बसून केलं तरी हेच होईल. हे मला बाहेर पडल्यावर एका डॉक्टरांनी समजावलं. अनुभव माझ्या शरीराचा होता, पण त्याचा अर्थ लावायचा हक्क केंद्रानं स्वतःकडे घेतला. कृपा गुरुजींची म्हटल्यावर ती पुन्हा हवी असेल तर त्यांच्याच दाराशी जायला हवं.

पुढचं हळूहळू होत गेलं. अपुरी झोप, एक वेळचं जेवण, फोन ऑफिसात जमा, आणि दिवसभर सेवा. रजनीश 1981 मध्ये पुण्याहून अमेरिकेला गेले, त्यानंतर ऑरेगनमध्ये त्यांच्या शिष्यांनी जी वसाहत उभारली, तिथं अशा राबण्याला पूजा म्हणत. पूजेची मजुरी कोण मागणार, आणि सेवेतून सुट्टी कशी घेणार?

एक दुपार मला विसरता येत नाही. भटारखान्यात आम्ही सातआठ जणी लसूण सोलत होतो. मौन होतं. माझ्या शेजारच्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात सुपात चालूच. पदरानं डोळे पुसायचीही त्यांना चोरी. मी त्यांच्या मनगटाला हात लावला, तर समोरून खूण आली, सोड. नंतर आम्हाला सांगण्यात आलं की त्यांचं शुद्धीकरण चाललंय, मधे पडाल तर त्यांची साधना मोडेल. काही दिवसांनी त्यांची गादी गुंडाळलेली दिसली. त्या कुठं गेल्या, हे कुणी विचारलं नाही. मला आजही संताप येतो तो याचा. शेजारी माणूस रडत असताना "काय झालं?" म्हणणं ही आमच्यातली साधी सवय होती, आणि ध्यानाच्या नावाखाली ती काढून घेतली गेली.

"पण तुम्ही तर शिकलेल्या!" असंही म्हणतात. जपानमधला ओम शिनरिक्यो हा पंथ 1984 मध्ये योगवर्ग म्हणून सुरू झाला. 20 मार्च 1995 ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत ज्यांनी सरीन हा विषारी वायू सोडला, त्यांत एक हृदयशस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. शिक्षण इथं आड येत नाही. उलट शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला जास्त कारणं सापडतात.

म्हणून तुमच्या लेकीला "ते सगळं थोतांड आहे" असं सांगू नका. तिला जे वाटलं ते खोटं नाही, हे तिला पक्कं माहीत आहे. तुम्ही खोटं म्हणालात की तिच्या लेखी तुम्हीच खोटे ठरता, आणि तिकडे तिला आधीच सांगून ठेवलेलं असतं की घरच्यांना हे कळणार नाही. गुरूवरून भांडू नका. पैसे मागितले तर देऊ नका, मात्र परतीच्या तिकिटाला कधी नाही म्हणू नका. माझा धाकटा भाऊ दर रविवारी केंद्राच्या ऑफिसात फोन करायचा. मला बोलावतीलच असं नव्हतं. बोलावलं तर पाऊस, कांद्याचा भाव, आईचा गुडघा एवढंच सांगायचा. "कधी येतेस?" असं त्यानं एकदाही विचारलं नाही. निघायचं ठरलं तेव्हा मला त्याचाच नंबर पाठ होता.