चौथा कोपरा भिंतीकडं

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला आले तेव्हा बॅगेत सगळ्या स्वेटर्सच्या मधोमध एक लाकडी पेटी गुंडाळून आणली, आजीच्या पोथ्या ठेवायला. आई म्हणाली एवढ्या लांबून लाकूड कशाला वाहून आणलंस, इथं सागवान मिळत नाही का. मिळतं की! पण ही मी स्वतः केलीय, म्हणून हा सगळा कौतुकाचा कारभार.

तर झालं असं, की कॅनडातल्या कॅल्गरीच्या हिवाळ्यात बाहेर उणे २५ असताना घरात बसून किती सिरीयल बघणार, म्हणून जवळच्या एका वर्कशॉपला जायला लागले, महिन्याची फी भरली की तिथली मशिनं वापरता येतात. पण आधी सेफ्टीचा क्लास. पहिलाच नियम, टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या फिरत्या करवतीवर, हातमोजे घालायचे नाहीत, मोजा पात्यात गुतला की मागनं हातपण ओढला जातो, बांगड्या-मंगळसूत्र सगळं काढून पर्समध्ये. म्हणजे बाहेर मोज्याशिवाय बोटं गोठणार आणि आत मोजा घातला तर बोटं जाणार, आता काय बोलायचं. आवाजाची मात्र मला काही भीती वाटली नाही, भवानी पेठेत मागाच्या खटखटीत झोपलेली पोरगी मी.

मला पेटीचे कोपरे फोटोफ्रेमसारखे हवे होते, दोन्ही फळ्यांची टोकं ४५ अंशात कापून एकमेकांना भिडवलेली. दिसायला एकदम स्वच्छ, कापलेलं टोक कुठूनच दिसत नाही. पण हा कट लई बेरकी आहे हो. चार कोपरे म्हणजे आठ कट, आणि प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक झाली तर शेवटच्या कोपऱ्यात ४ अंशांची फट. शिवाय समोरासमोरच्या फळ्या अगदी सारख्या लांबीच्या पाहिजेत, नाहीतर कोन कितीही बरोबर असू दे, पेटी वाकडीच.

पहिली पेटी गणपतीत केली, नुसत्या ग्लूवर. डिसेंबरात हीटर दिवसरात्र चालायला लागला आणि घरातली हवा इतकी कोरडी झाली की माझ्या टाचांबरोबर पेटीचे दोन कोपरेपण फाटले. रडायचीच बाकी होते. बाबांनी व्हिडिओ कॉल लावून फोन थेट आमच्या गल्लीतल्या सुतारमामांच्या हातात दिला.

मामांनी कोपऱ्याकडं बघितलंच नाही, म्हणाले पेटी उलटी कर. तळाला मी अखंड लाकडाची फळी चारी बाजूंनी चिकटवली होती. "हितंच चुकलंय बघ पोरी. लाकूड आडवं आकसतंय, लांबीला नाही आकसत. तळ आत ओढायला लागला, कोपरे काय करतील बिचारे?" आणि कोपरेपण कच्चेच होते म्हणे. कडब्याची पेंढी मधून कापली तर तोंडाशी सगळी ताटांची टोकंच दिसतात ना, लाकडाचं कापलेलं टोक तसंच, फेव्हिकॉल लावला की आत पिऊन टाकतं आणि जोडात उरत नाही. म्हणून आधी एक पातळ हात मारायचा, दोन मिनिटं मुरू द्यायचा, मग दुसरा. "आन् कोपऱ्यात आडव्या पट्ट्या मार. नुसत्या डिंकावर संसार चालतोय व्हय?"

दुसरी पेटी अक्रोडाच्या लाकडाची. एकाच फळीतून चारी बाजू ओळीनं कापल्या, म्हणजे लाकडाची रेघ कोपऱ्यावरनं तशीच पुढं वळत जाते. बाहेरची बाजू वर करून चारी तुकडे टोकाला टोक लावून ठेवायचे, वरनं टेप, मग उलटं करून तिरक्या टोकांच्या मधल्या खाचांत ग्लू आणि पोळीच्या रोलसारखं गुंडाळायचं. कर्ण मोजायचे, दोन्ही सारखे आले की काटकोन. यावेळी तळाला प्लायवूड, खाचेत नुसतं सरकवलेलं. ग्लू वाळल्यावर प्रत्येक कोपऱ्यात आरपार तीन खाचा पाडून त्यात ३ मिलिमीटरच्या मेपलच्या पट्ट्या ठोकल्या, रेषा कोपरा ओलांडून जाईल अशा. तपकिरी लाकडावर त्या बारा पांढऱ्या रेघा इतक्या सुंदर दिसतात की मी रात्री उठून दोनदा बघून आले. झाकणाबद्दल विचारू नका, एक बिजागरी तिरकी बसलीय.

हिवाळा काढला, विमान झालं, सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बर्थखाली एक रात्र झाली, पेटीला काहीही नाही. दुसऱ्या दिवशी मामा चहाला आले. चष्मा कपाळावर सरकवला, कोपऱ्यावरनं अंगठ्याचं नख फिरवलं, कुठं अडकतंय का बघितलं. नाही अडकलं. पेटी हळूहळू फिरवत होते, तीन कोपरे झाले आणि चौथ्याला थांबले.

"हितं रेघ तुटली की गं."

मी सांगायला लागले की मामा, फळीचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक तिथं भेटतं, तिथं रेघ जुळणार कशी...

"म्हाईत हाय," म्हणाले, "चौथा कोपरा भिंतीकडं करून ठेव." बशीतली कडक भाकरी मोडून शेंगाचटणीला लावली आणि बिजागरीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

आजीनं पोथ्या लावल्या, पेटी फडताळात ठेवली. चौथा कोपरा बरोब्बर पुढं.